इमारत कुठे वाकावी, हे आधी ठरवावं लागतं

भूकंपात सुरक्षित घर म्हणजे कितीही हादरे बसले तरी ज्याला तडा जाणार नाही असं घर, हा समज सगळीकडे दिसतो. बांधकामाची मानकं, म्हणजे घर कसं बांधावं याचे ठरलेले नियम, मात्र असं घर मागतच नाहीत. आयएस 1893 या भूकंपासाठीच्या भारतीय मानकाच्या 2016 च्या आवृत्तीतला एक साधा हिशेब पाहा. चौथ्या भूकंपक्षेत्रातली (क्षेत्राचा क्रमांक जितका मोठा, तितका धोका जास्त) काही मजल्यांची नेहमीची आरसीसी निवासी इमारत घेतली, तर मानकानेच गृहीत धरलेल्या सर्वांत तीव्र भूकंपात तिच्यावर तिच्या वजनाच्या सुमारे 60 टक्के इतका आडवा जोर येऊ शकतो. पण सळयांची बांधणी ठरवून दिलेल्या पद्धतीने केली असेल, तर त्याच इमारतीचं डिझाइन साधारण 6 टक्के जोरासाठी करायला तेच मानक परवानगी देतं. म्हणजे दहावा हिस्सा.

हा निष्काळजीपणा नाही. त्या आकड्यामागे दोन निर्णय आहेत. पहिला असा की सर्वांत तीव्र भूकंप फार क्वचित होतो, म्हणून डिझाइनसाठी त्याच्या निम्मा हादरा धरायचा. दुसरा निर्णय अधिक धाडसी आहे. इमारतीला मोडतोड सोसू द्यायची, आणि त्या बदल्यात उरलेल्या जोराचा पाचवा भागच हिशेबात घ्यायचा. शिवाय साहित्याची खरी ताकद कागदावरच्या ताकदीपेक्षा बरीच जास्त असते, तोही आधार असतो. तरीही या सगळ्या हिशेबाचा डोलारा ‘सळयांची बांधणी ठरवून दिलेल्या पद्धतीने’ या एका अटीवर उभा आहे. अट पाळली नाही, तर 6 टक्क्यांचा आकडा धोकादायक ठरतो.

जगातली बहुतेक मानकं रहिवाशांना जे वचन देतात ते असं: छोट्या भूकंपात काही बिघडणार नाही, मध्यम भूकंपात भिंतींना तडे जातील पण सांगाडा शाबूत राहील, आणि मोठ्या भूकंपात सांगाडाही वाकेल, फुटेल, कदाचित पुन्हा वापरता येणार नाही, पण आतली माणसं जिवंत बाहेर पडतील. 22 फेब्रुवारी 2011 रोजी न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्च शहराला भूकंपाचा तडाखा बसला, तेव्हा तिथल्या अनेक आधुनिक इमारतींनी हे वचन पाळलं. त्या पडल्या नाहीत, पण नंतर पाडाव्या लागल्या. शहराच्या मध्यभागाचा मोठा भाग मोकळा झाला आणि लोकांना धक्का बसला, कारण ‘भूकंपरोधक’ म्हणजे नेमकं काय हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. घर विकत घेणाऱ्या प्रत्येकाला ही गोष्ट आधी समजायला हवी, असं मला मनापासून वाटतं. रुग्णालयांसारख्या इमारती भूकंपानंतरही चालू राहायला हव्यात, म्हणून त्यांच्यासाठी मानकं जास्त जोर धरायला लावतात. आयएस 1893 मध्ये तो दीडपट आहे.

जोर येतो तो वजनातून

भूकंप इमारतीला बाहेरून ढकलत नाही. जमीन पायाखालून सरकते, पाया तिच्याबरोबर जातो आणि वरचं वजन जागच्या जागी राहू पाहतं. या ओढाताणीतून आडवा जोर निर्माण होतो. त्यामुळे इमारत जितकी जड, तितका तिच्यावरचा जोर मोठा.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी आणि आसपासच्या गावांत जे घडलं त्याचं मूळ इथे आहे. तो भूकंप 6.2 तीव्रतेचा होता, जगाच्या मानाने मध्यम. पण घरं होती दगड-मातीची, छपरं जाड मातीच्या थराची. रुंद भिंती बाहेरून भक्कम दिसत, पण त्यांची बांधणी वेगळीच होती. बाहेरच्या अंगाला एक दगडी थर, आतल्या अंगाला दुसरा, आणि मध्ये चिपा नि माती. दोन्ही थरांना जोडणारे आरपार दगड फारसे नव्हतेच. हादरे बसताच थर एकमेकांपासून सुटले, भिंती फुगून ढासळल्या आणि वरचा मातीचा भार झोपलेल्या माणसांवर आला. जवळपास दहा हजार माणसं गेली. त्या वेळच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात होता. पुढे 2002 मध्ये नकाशा बदलला, पहिलं क्षेत्रच रद्द झालं आणि लातूरचा हा परिसर तिसऱ्या क्षेत्रात गेला. नकाशातला फिकट रंग म्हणजे अभय नव्हे, हे तिथे फार मोठी किंमत मोजून कळलं.

याउलट उदाहरणही आपल्याच उपखंडातलं आहे. 1931 मध्ये बलुचिस्तानात माच इथे भूकंप झाला. त्यानंतर रेल्वेतले अभियंता एस. एल. कुमार यांनी क्वेटामध्ये रेल्वे कर्मचाऱ्यांसाठी वेगळ्या पद्धतीची निवासस्थानं उभारली. विटांच्या बांधकामात त्यांनी लोखंडाचा वापर असा केला की भिंती आणि छप्पर एकमेकांना धरून राहतील. 31 मे 1935 च्या भूकंपात क्वेटा शहर जमीनदोस्त झालं, हजारो लोक मेले, आणि ही घरं उभी राहिली. भारतात पहिलं भूकंप मानक त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, 1962 मध्ये आलं. पण त्यातलं सार कुमारांनी बांधून दाखवलेलंच होतं.

वीट-दगडाच्या घरांसाठी आजची मानकंही तेच सांगतात. जोत्याच्या, दारं-खिडक्यांच्या माथ्याच्या आणि छपराच्या पातळीवर घराला सलग आडवा पट्टा हवा, कोपऱ्यांत उभ्या सळया हव्यात, दगडी भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार दगड हवेत. यातला दारं-खिडक्यांच्या माथ्यावरचा पट्टा सगळ्यांत जास्त उपयोगाचा. तो मध्येच तुटता कामा नये, कारण चारही भिंतींना एकत्र बांधणं हेच त्याचं काम. भिंत तिच्या लांबीच्या दिशेने हललेली चालते. ती बाहेरच्या बाजूला कलंडली की संपलं, आणि पट्टा नेमकं तेवढंच अडवतो.

खडू आणि तार

आरसीसी इमारतीकडे येऊ. काँक्रीट खडूसारखं असतं, वाकवायला गेलं की कडकन तुटतं. पोलाद तारेसारखं, वाकवलं तरी तुटत नाही आणि पुन्हा उलटं वाकवता येतं. भूकंपात इमारत काही सेकंद ते मिनिटभर डाव्या-उजव्या बाजूला वाकत राहते. या प्रत्येक वाकण्यात भूकंपाने इमारतीत सोडलेली ऊर्जा थोडी थोडी खर्च होते. तुटण्याआधी असं बराच काळ वाकत राहण्याच्या गुणाला अभियंते तन्यता म्हणतात, आणि पाचवा भागच जोर धरण्याची सवलत मिळते ती याच गुणाच्या बळावर.

पण इमारतीने कुठेही वाकून चालत नाही. बीमचं टोक वाकलं, तर तो एक बीम खराब होतो. कॉलम मोडला, तर त्याच्यावरचे सगळे मजले खाली येतात. म्हणून कोणता भाग आधी नमेल हे डिझाइन करतानाच ठरवायचं आणि बाकीचे भाग त्याहून मजबूत ठेवायचे. हा विचार पद्धतशीरपणे मांडण्यात न्यूझीलंडच्या रॉबर्ट पार्क आणि थॉमस पॉले यांचा मोठा वाटा आहे. भारतात सळयांच्या बांधणीसाठी जे आयएस 13920 मानक आहे, त्याच्या 2016 च्या आवृत्तीनुसार एखाद्या सांध्याला मिळणाऱ्या कॉलमांची वाकण्याविरुद्धची एकत्रित ताकद तिथल्या बीमांच्या एकत्रित ताकदीच्या किमान 1.4 पट असावी लागते. भूकंप-अभियांत्रिकीतला एकच नियम लक्षात ठेवायचा असेल, तर मी हाच सांगेन.

दुसरा नियम रिंगांचा. कॉलमच्या उभ्या सळयांभोवती ज्या रिंगा असतात, त्या सळया जागेवर धरायला असतात असं अनेकांना वाटतं. भूकंपात त्यांचं खरं काम काँक्रीटला आवळून धरणं हे असतं. हादऱ्यांत कॉलमच्या बाहेरचा थर उडून जातो. आतल्या गाभ्याला रिंगांनी घट्ट धरलेलं असेल, तर तो भेगाळला तरी भार पेलत राहतो. रिंगा विरळ असतील, तर गाभ्याचा भुगा होतो आणि उभ्या सळया बाहेर फुगतात. म्हणून कॉलमच्या वरच्या आणि खालच्या टोकांजवळ दोन रिंगांमधलं अंतर 100 मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही. आणि रिंगेचं टोक काटकोनात वळवून भागत नाही. ते 135 अंशांत वळवून गाभ्याच्या आत रोवावं लागतं. काटकोनातलं टोक बाहेरचा थर उडताच उघडतं आणि रिंग सुटते. मोठ्या भूकंपांनंतर पडलेल्या इमारतींच्या छायाचित्रांत ही उघडलेली टोकं पुन्हा पुन्हा दिसतात. फिटरने दोन वाक जास्त द्यायचे, एवढाच हा फरक. त्यासाठी लागणारं जादा लोखंड इमारतीच्या एकूण खर्चात जाणवतही नाही. इतक्या स्वस्त गोष्टीपायी माणसं मरतात, याचा राग यायलाच हवा.

मोकळा तळमजला

26 जानेवारी 2001 च्या भूजच्या भूकंपात अहमदाबाद केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून अधिक दूर होतं, तरी तिथल्या अनेक बहुमजली इमारती कोसळल्या. त्यांतल्या बऱ्याच इमारतींमध्ये एक साम्य होतं. खाली गाड्यांसाठी नुसते कॉलम होते आणि वर विटांच्या भिंतींनी भरलेले मजले. भिंतींमुळे वरचा भाग एखाद्या ठोकळ्यासारखा ताठ होतो, तो हलत नाही. मग जे काही हलायचं ते सगळं तळमजल्याच्या कॉलमांच्या वाट्याला येतं. इमारत कुठे वाकेल हे इथे कुणी ठरवलेलं नसतं. पार्किंगने ते ठरवलेलं असतं, आणि तेही सगळ्यांत वाईट जागी. 17 जानेवारी 1994 ला कॅलिफोर्नियात नॉर्थरिज इथल्या एका लाकडी सांगाड्याच्या निवासी इमारतीतही हेच झालं. पार्किंग असलेला खालचा मजला चिरडला गेला आणि 16 रहिवासी मेले. देश वेगळा, साहित्य वेगळं, चूक तीच. लॉस एंजेलिस शहराने 2015 मध्ये अशा जुन्या लाकडी इमारतींचं मजबुतीकरण कायद्याने सक्तीचं केलं. आयएस 1893 ची 2016 ची आवृत्तीही मोकळ्या मजल्याच्या इमारतीत काँक्रीटच्या भिंती किंवा तिरपे आधार घालायला सांगते.

याच कुळातला एक छोटा दोष शाळांत फार आढळतो. दोन कॉलमांमध्ये अर्ध्या उंचीची भिंत आणि वर खिडक्यांची ओळ असली, की कॉलमला वाकायला वरचा तोकडा भागच उरतो. तो इतका ताठ होतो की जास्तीत जास्त जोर स्वतःकडे ओढून घेतो आणि तिरका चिरतो. भिंत आणि कॉलममध्ये छोटी फट ठेवली असती, तर हे टळलं असतं.

जमीनही हिशेबात धरावी लागते. 19 सप्टेंबर 1985 च्या भूकंपाचं केंद्र मेक्सिको सिटीपासून साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास होतं. पण शहराचा मोठा भाग जुन्या तलावाच्या मऊ गाळावर वसलेला आहे. तो गाळ साधारण दोन सेकंदांच्या लयीत डोलला, आणि ज्या मध्यम उंचीच्या इमारतींची स्वतःची डोलण्याची लय त्याच्याशी जुळली त्यांना सर्वाधिक मार बसला. त्याहून ठेंगण्या इमारती शेजारीच उभ्या राहिल्या. म्हणून मानकांत खडक, मध्यम जमीन आणि मऊ जमीन यांचे हिशेब वेगळे असतात, आणि मातीची चाचणी टाळून वाचवलेला पैसा ही बचत नसते.

आधीच उभ्या असलेल्या इमारतींचं काय?

मानक सुधारलं की नव्या इमारती सुधारतात; जुन्या तशाच राहतात. खरा धोका तिथे आहे. जपानने 1981 मध्ये नियम कडक केले. 17 जानेवारी 1995 ला कोबेत सहा हजारांहून अधिक लोक गेले, तेव्हा 1981 च्या आधीच्या आणि नंतरच्या इमारतींमधला फरक डोळ्यांना दिसण्याइतका ठळक होता. त्यानंतर जपानने जुन्या शाळा मजबूत करण्याचं काम नेटाने चालवलं आणि जवळजवळ सगळ्या सरकारी प्राथमिक आणि माध्यमिक शाळांपर्यंत ते नेलं. तुर्कस्तानात 2018 मध्ये दोन गोष्टी झाल्या. एक आधुनिक मानक आलं, आणि त्याच वर्षी नियमबाह्य बांधकामं शुल्क घेऊन नियमित करण्याची योजनाही आली. 6 फेब्रुवारी 2023 च्या दोन मोठ्या भूकंपांत तिथे पन्नास हजारांहून अधिक लोक मेले. कागदावरचं मानक किती चांगलं आहे, याचा उभ्या इमारतीशी थेट संबंध नसतो.

आपल्या इमारतीबद्दल विचार करताना एक गल्लत हमखास होते. जुन्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट झालं म्हणजे भूकंपाचंही पाहून झालं, असं धरलं जातं. नेहमीच्या ऑडिटमध्ये गंज, गळती, काँक्रीटची अवस्था, पडायला आलेले भाग तपासले जातात. इमारत स्वतःचं वजन पेलते का, हा तिथला प्रश्न असतो. ती आडवा जोर पेलेल का, हा वेगळा प्रश्न आहे आणि तो वेगळा विचारावा लागतो. भारतात आरसीसी इमारतींसाठी आयएस 15988 आणि वीट-दगडाच्या इमारतींसाठी आयएस 13935 ही मानकं त्याची पद्धत सांगतात. त्यासाठी मूळ नकाशे लागतात. नकाशे नसतील, तर आतल्या सळया यंत्राने शोधाव्या लागतात, काँक्रीटचे नमुने काढून ताकद मोजावी लागते, आणि काही ठिकाणी गिलावा फोडून रिंगा प्रत्यक्ष पाहाव्या लागतात.

मजबुतीकरणाच्या पद्धती अनेक आहेत. कॉलमभोवती नव्या सळया आणि काँक्रीटचं आवरण चढवतात, त्याला जॅकेटिंग म्हणतात. काही वेळा पोलादी पट्ट्या किंवा कार्बन फायबरचं कापड गुंडाळतात. त्याने मुख्यतः आवळून धरण्याचं, म्हणजे राहून गेलेल्या रिंगांचं काम होतं. सांगाड्यात दोन कॉलमांमधल्या काही मोकळ्या जागांत पायापासून वरपर्यंत काँक्रीटच्या भिंती किंवा पोलादी तिरपे आधार घालतात. मोकळ्या तळमजल्यासाठी बहुतेक वेळा हाच मार्ग सर्वांत खात्रीचा असतो.

मात्र मजबुतीकरण म्हणजे दिसेल तिथे ताकद ओतणं नव्हे, आणि या मुद्द्यावर मी थोडा रेंगाळणार आहे. समजा, तडे गेले म्हणून बीम मजबूत केले आणि कॉलम तसेच ठेवले. आता आधी मोडणार कॉलम. म्हणजे खर्च करून इमारत अधिक धोकादायक केली. समजा, नवी भिंत इमारतीच्या एकाच बाजूला घातली, कारण दुसऱ्या बाजूला दुकानांचं तोंड आहे. आता भूकंपात इमारत त्या ताठ बाजूभोवती पिळवटणार आणि समोरच्या कोपऱ्यातल्या कॉलमांवर जास्त ताण येणार. तळमजला खूप ताठ केला आणि पहिल्या मजल्याकडे पाहिलंच नाही, तर कमजोर जागा एक मजला वर सरकते. कॉलमचं जॅकेट स्लॅबपाशी थांबवलं आणि सळया स्लॅबमधून आरपार नेल्या नाहीत, तर ऐन सांध्यात, जिथे गरज सर्वांत जास्त, तिथे ते उपयोगी पडत नाही. नव्या भिंतीखाली पाया वाढवला नाही, तर तिने गोळा केलेला जोर जमिनीत उतरणार कुठून? म्हणून मजबुतीकरणाचा प्रस्ताव समोर आला, की ‘किती ताकद वाढेल’ याआधी ‘या कामानंतर इमारत आधी कुठे वाकेल’ हे विचारा. ज्याने पूर्ण इमारतीचा हिशेब केलेला आहे, त्याला याचं उत्तर देता येतं.

वीट-दगडाच्या घरांचं काम तुलनेने सोपं असतं. भिंतीत भोकं पाडून आरपार सळई टाकून काँक्रीट भरलं, की ते आरपार दगडाचं काम करतं. खिडक्यांच्या माथ्यावर भिंतीच्या दोन्ही अंगांना तारेची जाळी ठोकून त्यावर सिमेंटचा थर दिला, की नंतर घातलेला पट्टा तयार होतो. छपराच्या तुळया भिंतींना पक्क्या जोडायच्या, छपरावरची माती कमी करायची. शेवटचं काम सगळ्यांत स्वस्त आणि जोर थेट कमी करणारं.

इमारतीला जमिनीपासूनच वेगळं करण्याचाही एक मार्ग आहे. पायाच्या वर रबर आणि पोलादाच्या थरांचे मोठे ठोकळे बसवतात, बऱ्याचदा मध्ये शिशाचा गाभा असतो. जमीन वेगाने हलते, वरची इमारत संथ सरकते. भूजचं जिल्हा रुग्णालय 2001 नंतर याच पद्धतीने नव्याने बांधलं गेलं. अमेरिकेत सॉल्ट लेक सिटी आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या नगर प्रशासनाच्या जुन्या देखण्या इमारती पायाशी कापून अशा ठोकळ्यांवर घेतल्या गेल्या. हे काम महाग आहे, भोवती सरकायला मोकळी जागा लागते आणि मऊ जमिनीवर किंवा फार उंच इमारतीला ते सहसा मानवत नाही.

सांगाडा वाचला तरी काम संपत नाही. कॅलिफोर्नियातलं ऑलिव्ह व्ह्यू रुग्णालय 1971 च्या भूकंपात नवंकोरं असताना मोडलं. ते पुन्हा अतिशय भक्कम बांधलं गेलं, आणि 1994 च्या भूकंपात त्याचा सांगाडा छान टिकला. पण आग विझवणाऱ्या पाण्याच्या नळ्या फुटल्या आणि रुग्णांना बाहेर हलवावं लागलं. घरांतही गच्चीवरची टाकी, कठडे, छताला टांगलेल्या वस्तू, दाराजवळचं उंच कपाट या गोष्टी आधी पडतात. कपाट भिंतीला बांधायला अभियंता लागत नाही.

पूर्ण मजबुतीकरण एकदम परवडणारं नसेल, तर ते टप्प्यांनीही करता येतं, फक्त सगळ्या टप्प्यांचा आराखडा सुरुवातीलाच एकत्र केलेला हवा. जुन्या इमारतीत गळतीसाठी, गंजासाठी, रंगकामासाठी कधी ना कधी परांची उभी राहतेच, गिलावा निघतोच. कॉलमच्या सळया उघड्या पडल्या, की त्यावर लगेच नवा मुलामा चढवू देऊ नका. आधी भूकंपाचा हिशेब करणाऱ्या अभियंत्याला बोलावून रिंगांचं अंतर मोजून घ्या, फोटो काढा, आणि जॅकेटिंग करायचं असेल तर त्याच परांचीवर ते उरकून घ्या.